दिवंगत रॉक कलावंतांसाठी श्रवणसभा कशी भरवावी: ठाणे-नवी मुंबईच्या श्रोत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्ले येऊन गेले. हयात बँडसाठी श्रोते जमवावे लागत नाहीत, ते तिकिटांच्या रांगेत आपणहून उभे राहतात. दिवंगत कलावंतांचा मात्र दौरा निघत नाही. त्यांच्या स्मृतिदिनी मोबाइलवर छायाचित्रे आणि दोन ओळींचे संदेश फिरतात आणि दुसऱ्या दिवशी तो विषय संपतो. ज्या संगीतामुळे त्या माणसाची आठवण काढायची ते संगीत या सगळ्यात अनेकदा कोणी पूर्ण ऐकलेलेही नसते. त्यामुळे सोसायटीच्या सभागृहात किंवा एखाद्या वाचनालयाच्या खोलीत तीस-चाळीस माणसांनी दोन तास एकत्र बसून एका कलावंताचे काम नीट ऐकावे, असा कार्यक्रम कसा आखावा हे येथे क्रमाने सांगितले आहे. लेखकाचा आग्रह एकच आहे. कलावंत कसा गेला यापेक्षा तो काय वाजवत होता, कसे गात होता आणि ते पुढे कोणाच्या हातात गेले, यावर संध्याकाळचा बहुतेक वेळ खर्च व्हावा.

कोणाची आठवण, कोणत्या दिवशी

एका संध्याकाळी एकच कलावंत घ्यावा. ‘रॉकमधील अमर तारे’ अशा नावाखाली बारा जणांची बारा गाणी लावली तर वाद्यवृंदाच्या कार्यक्रमासारखी टाळ्यांची सोय होते, पण कोणाचेही काम ध्यानात राहत नाही. पहिल्या सभेसाठी श्रोत्यांना ज्याच्याकडे जाण्याची वाट आधीच ठाऊक आहे असा कलावंत निवडणे शहाणपणाचे ठरते, आणि महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी अशा दोन वाटा अगदी जवळच्या आहेत.

पहिली वाट पाचगणीहून जाते. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून झाले आणि तेथेच मित्रांबरोबर त्याने द हेक्टिक्स हा पहिला बँड काढला, ज्यात तो पियानो वाजवत असे. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. दुसरी वाट थेट मुंबईतून जाते. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन १९६६ साली पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला होता आणि जानेवारी १९६८मध्ये त्याने एचएमव्हीच्या मुंबईतील स्टुडिओत येथील वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. त्याचे निधन २९ नोव्हेंबर २००१ रोजी झाले.

या दोघांचे स्मृतिदिन पाच दिवसांच्या अंतराने येतात आणि बीटल्सच्याच जॉन लेननचा ८ डिसेंबर हा दिवसही त्यानंतर लगेच येतो. दिवाळी आटोपलेली असते, हवा बरी असते, मुलांच्या सहामाही परीक्षा संपलेल्या असतात आणि सभागृह लग्नाच्या तिथी सोडल्या तर मिळू शकते. याउलट गिटारवादक जिमी हेंड्रिक्स (१८ सप्टेंबर १९७०) आणि लेड झेपेलिनचा ड्रमवादक जॉन बॉनम (२५ सप्टेंबर १९८०) यांचे दिवस अनेक वर्षी गणपती किंवा नवरात्रात सापडतात. समोरच्या मंडपात आरती चालू असताना हेंड्रिक्स ऐकण्याचा हट्ट धरू नये. अशा कलावंतांसाठी जन्मदिवस निवडावा. हेंड्रिक्सचा जन्मदिवस २७ नोव्हेंबरला येतो. तारखेपेक्षा शनिवारची संध्याकाळ महत्त्वाची असल्यामुळे दोन-तीन दिवस मागेपुढे झाले तरी काही बिघडत नाही.

आपल्याकडच्या कलावंतांना या यादीत पहिल्यापासून जागा द्यावी. नंदू भेंडे हे त्यांतले ठळक नाव आहे. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे हे चिरंजीव सत्तरच्या दशकात मुंबईच्या रॉक बँडमध्ये गात होते, १९७४ साली अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेत त्यांनी जुडासची भूमिका गायली आणि ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. रॉकचा प्रवास मराठी घरातून आणि मराठी रंगभूमीच्या शेजारून कसा झाला हे सांगायला त्यांच्याइतका चांगला विषय मिळणार नाही.

टिपण तयार करताना

निवेदकाने दोन पानांचे टिपण आधी लिहून काढावे आणि त्यातल्या प्रत्येक विधानासमोर ते कोठून घेतले याची नोंद स्वतःपुरती ठेवावी. अल्बमच्या वेष्टनावरची श्रेयनामावली, कलावंताच्या हयातीत छापून आलेल्या मुलाखती आणि सोबतच्या वादकांनी व ध्वनिमुद्रकांनी केलेले कथन यांना प्राधान्य द्यावे. मोबाइलवर फिरणारे भावपूर्ण उद्गार बहुधा त्या कलावंताने कधीच काढलेले नसतात, म्हणून अवतरणे टाळलेलीच बरी.

रॉकच्या इतिहासात दंतकथांचे पीक मोठे आहे. हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन आणि कर्ट कोबेन हे चौघेही सत्ताविसाव्या वर्षी गेले, त्यामुळे त्या वयाभोवती एक गूढ वलय तयार झाले आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकप्रिय संगीतकारांच्या मृत्यूंची वये तपासली गेली, तेव्हा सत्तावीस या वयाला वेगळे असे काही आढळले नाही. विशी आणि तिशीतल्या नामवंत संगीतकारांमधील मृत्यूचे प्रमाण मात्र सामान्य लोकसंख्येपेक्षा जास्त होते. सभेत हा विषय निघतोच, म्हणून एवढी माहिती हाताशी ठेवावी आणि पुढच्या गाण्याकडे वळावे.

कर्ट कोबेन, क्रिस कॉर्नेल किंवा चेस्टर बेनिंग्टन यांच्यावर सभा असेल तर अधिक काळजी घ्यावी लागते, कारण या तिघांनीही आत्महत्या केली आणि श्रोत्यांमध्ये कॉलेजची मुले असतात. घटना एका वाक्यात सांगावी. पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर यांपैकी काहीही सांगू नये आणि मृत्यूला प्रतिभेची किंमत ठरवणारी भाषा वापरू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मोफत मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ हा कार्यक्रमपत्रिकेवर छापावा. तो व्यासपीठावरून गंभीर सुरात वाचून दाखवण्याची गरज नाही, कागदावर असला म्हणजे पुरे.

गाण्यांची निवड

दोन तासांच्या सभेत सहा किंवा सात ध्वनिमुद्रणे पुरतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणापूर्वी दोन-तीन मिनिटांचे निवेदन, मग अखंड श्रवण आणि त्यानंतर थोडे बोलणे असा क्रम ठेवला तर वेळ नेमका बसतो. निवेदनात ‘हे महान गाणे आहे’ असे सांगण्याऐवजी श्रोत्याने कशाकडे कान द्यावा हे सांगावे. हे कसे करायचे ते फ्रेडी मर्क्युरीच्या संध्याकाळीच्या आधारे पाहू.

आरंभ १९७५च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने करायला हरकत नाही. ते सर्वांनी ऐकलेले असते, आणि म्हणूनच ते नव्याने ऐकवता येते. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या या रचनेत ध्रुवपद नाही. केवळ आवाजांनी उघडणारा आरंभ, पियानोवरचे संथ गाणे, गिटारचा सोलो, ऑपेराचा भाग, कडक रॉक आणि पुन्हा शांत शेवट असे तिचे तुकडे एकामागून एक येतात. ध्रुवपदाकडे परतण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना ही रचना पुढे पुढेच जात राहते हे एकदा सांगितले, की श्रोते तिचे सांधे ओळखू लागतात. ऑपेराच्या भागातला प्रचंड वृंद हा प्रत्यक्षात मर्क्युरी आणि क्वीनमधले त्याचे साथीदार ब्रायन मे व रॉजर टेलर या तिघांचाच आहे. चोवीस ट्रॅकच्या, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे मुद्रित करता येणाऱ्या, टेपवर त्यांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा एकमेकांवर चढवले. सर्वांत वरच्या पट्टीतला तीक्ष्ण सूर मर्क्युरीचा असेल असे बहुतेकांना वाटते, पण तो टेलरचा, म्हणजे ड्रमवादकाचा आहे. ही एक गोष्ट कळल्यावर सभागृहात पुढच्या अर्ध्या मिनिटात जे एकाग्र ऐकणे होते, ते कोणत्याही चरित्रकथनाने होत नाही.

दुसरे ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष मैफिलीचे घ्यावे. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झालेल्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफिलीत क्वीनला सुमारे वीस मिनिटे मिळाली होती. तेवढ्या वेळात मर्क्युरीने काय केले हे पाहण्यासाठी गाण्यांपेक्षा मधला तो छोटा भाग लावावा, ज्यात तो वाद्यांशिवाय एक आलापवजा ओळ फेकतो आणि सत्तर हजारांहून अधिक लोक ती परत करतात. ओळी हळूहळू अवघड होत जातात. कीर्तनात बुवा श्रोत्यांकडून गजर करून घेतात तेव्हा याच कौशल्याची गरज असते, आणि हे ज्येष्ठ श्रोत्यांच्या लगेच लक्षात येते.

तिसरे ध्वनिमुद्रण शेवटच्या काळातले असावे. ‘मदर लव्ह’ हे गाणे मे १९९१मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत मुद्रित झाले. मर्क्युरीची प्रकृती तेव्हा ढासळलेली होती. त्याने कडवी गायली, शेवटचे कडवे नंतर येऊन गाईन असे सांगून तो गेला आणि परत आला नाही. ते कडवे ब्रायन मेने गायले आणि गाणे १९९५च्या ‘मेड इन हेवन’मध्ये प्रसिद्ध झाले. येथे निवेदकाने केवळ एवढे सांगावे, की शेवटी आवाज बदलतो तो क्षण ओळखा. बाकी काही बोलू नये.

हॅरिसनच्या संध्याकाळीची मांडणी वेगळी असेल, कारण त्याचे काम आवाजापेक्षा हातात आहे. १९७०नंतर त्याने स्लाइड गिटारवर, म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवर सरकवत वाजवण्याच्या पद्धतीवर, स्वतःची मुद्रा उमटवली. सुरावरून सुरावर जाताना मधली जागा न तोडता भरून काढणे म्हणजे काय, हे मींड ऐकत वाढलेल्या श्रोत्याला वेगळे शिकवावे लागत नाही. सतार बाजूला ठेवल्यानंतरही शिकवण हातात कशी उरली, याचा तो ऐकू येणारा पुरावा आहे. त्याआधी बीटल्सचे ‘दि इनर लाइट’ हे १९६८चे गाणे लावावे. त्याचा वाद्यमेळ मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आणि गायन लंडनमध्ये मुद्रित झाले. त्याच सुमारास हॅरिसनने मुंबईत ज्या चित्रपटसंगीताचे काम केले, त्यात पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर आहे. त्यानंतर १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या मैफिलीचा आरंभ ऐकवावा. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवून घेतली आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन त्याहून अधिक आवडेल, अशा अर्थाचे रविशंकर यांनी विनोदाने सांगितले. ठाण्याच्या श्रोत्यांकडून या जागी हशा हमखास येतो.

गीतांचे शब्द छापून वाटू नयेत, कारण त्यांवर हक्क असतात आणि वाचता वाचता ऐकणे मागे पडते. आशय दोन वाक्यांत मराठीतून सांगावा.

मृत्यूनंतर निघालेले अल्बम

कलावंत गेल्यावर त्याच्या नावाने काय काय प्रसिद्ध होते, हा वारशाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे आणि त्यासाठी सभेतली पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. हेंड्रिक्सच्या हयातीत त्याचे तीनच स्टुडिओ अल्बम आले होते. त्याच्या मागे अपुऱ्या टेपचा मोठा साठा राहिला आणि त्यातून अल्बम निघतच राहिले. १९७५ साली आलेल्या एका अल्बममध्ये तर निर्मात्याने मूळ साथीदारांचे वादन काढून दुसऱ्या वादकांकडून ते नव्याने वाजवून घेतले होते. हेंड्रिक्सचे हक्क १९९५ साली कुटुंबाकडे आल्यावर या साठ्याची पुन्हा मांडणी सुरू झाली. याउलट गायक डेव्हिड बोवीने ‘ब्लॅकस्टार’ हा अल्बम स्वतः पूर्ण केला. तो ८ जानेवारी २०१६ रोजी, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, प्रसिद्ध झाला आणि दोन दिवसांनी तो गेला. या दोन्हींच्या मधे कोठेतरी बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ येते. लेननने घरी कॅसेटवर गायलेला आवाज पियानोपासून यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) तंत्राने वेगळा काढला गेला, हॅरिसनने १९९५मध्ये वाजवलेली गिटार त्याला जोडली गेली आणि बँडमधल्या हयात असलेल्या दोघांनी ते गाणे नोव्हेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध केले.

अशा ध्वनिमुद्रणापूर्वी श्रोत्यांना तीन गोष्टी सांगाव्यात: कलावंताने स्वतः किती भाग पूर्ण केला होता, नंतर कोणी काय जोडले आणि ते प्रसिद्ध करण्याचा निर्णय कोणाचा होता. ‘मदर लव्ह’चे मोल आवाजाच्या त्या उघड बदलात आहे, कारण तेथे काहीही लपवलेले नाही. लेखकाच्या मते दुसऱ्याच्या वादनावर दिवंगताचे नाव चिकटवलेली ध्वनिमुद्रणे स्मरणसभेत लावू नयेत, अभ्यासाच्या बैठकीत जरूर लावावीत. यावर मतभेद होतील आणि ते सभेत होऊ द्यावेत.

सभागृह, परवानगी आणि हक्क

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह अशा कार्यक्रमासाठी फार मोठे आहे. चाळीस श्रोत्यांसाठी सोसायटीचे सभागृह किंवा एखाद्या ग्रंथालयाची खोली उत्तम. सोसायटीच्या कार्यकारिणीला लेखी अर्ज द्यावा आणि त्यात ‘रॉक कार्यक्रम’ एवढेच न लिहिता ध्वनिमुद्रित संगीताचे श्रवण, बंद दारे, सहा ते आठ ही वेळ आणि मद्य नाही, या चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. सचिवांची निम्मी शंका तेथेच मिटते. येऊरच्या बंगल्याचा मोह टाळावा. तो परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून आहे आणि तेथील मोठ्या आवाजातील पार्ट्यांविरुद्ध रहिवाशांच्या तक्रारी होतच असतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालचा किमान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो आणि तेथे मर्यादा आणखी कमी, दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल असते. गच्चीवर, क्लबहाउसच्या हिरवळीवर किंवा तलावपाळीसारख्या सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावायचा असेल तर लेखी परवानगी लागते, त्यामुळे पहिल्या वर्षी तरी सभागृहाबाहेर पडू नये.

हक्कांचा प्रश्न बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२मध्ये निवासी इमारतीच्या सामाईक सभागृहात मुख्यतः रहिवाशांसाठी, तसेच नफ्यासाठी नसलेल्या मंडळाच्या उपक्रमाचा भाग म्हणून बंद जागेत ध्वनिमुद्रण ऐकवण्यास सवलत आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणालाही सवलत आहे. तिकीट, प्रायोजक किंवा बाहेरच्या लोकांसाठी जाहिरात आली की ही चौकट बदलते आणि शब्द-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस, तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएल यांच्याकडे परवान्याची चौकशी करावी लागते. शंका असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. मोबाइलवरील संगीतसेवांची वैयक्तिक खाती त्यांच्या अटींनुसार खासगी वापरापुरतीच असतात, म्हणून शक्य तेथे विकत घेतलेल्या सीडी, एलपी किंवा फाइल वापराव्यात. दर्जाही चांगला मिळतो.

ध्वनियोजना

वाढदिवसाला भाड्याने येणारे मोठे काळे स्पीकर मागवू नयेत. ते खर्ज फुगवण्यासाठीच बनवलेले असतात आणि त्यांत बेस गिटारच्या स्वरांऐवजी केवळ धपधप ऐकू येते. एखाद्या श्रोत्याच्या घरचे चांगले अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर चाळीस माणसांना पुरतात.

स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणि कोपऱ्यांपासून दूर ठेवावेत. सोसायटीच्या सभागृहांत लादी, काच आणि उघड्या भिंती असल्याने आवाज घुमतो. सतरंज्या अंथराव्यात, पडदे ओढावेत आणि मागच्या भिंतीवर जाड चादरी टांगाव्यात. खोली हे स्वतःच एक वाद्य असते, हे श्रोत्यांना पटवायचे असेल तर बॉनमचे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लावावे. त्यातले ड्रम एका जुन्या वास्तूच्या जिन्याखालच्या मोकळ्या दालनात मांडले होते आणि मायक्रोफोन वर, जिन्यात टांगले होते. तो खोल, भव्य नाद त्या जिन्याचा आहे.

साठच्या दशकातल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत एक तपासणी अवश्य करावी. त्या काळात अनेक गाण्यांत गायन पूर्णपणे एका बाजूला आणि ड्रम, बेस दुसऱ्या बाजूला ठेवलेले असत. एक वायर सैल असेल तर आजच्या गाण्यात फारसा फरक जाणवत नाही, पण बीटल्सच्या गाण्यातून गायकच नाहीसा होतो. सभागृहाच्या एका टोकाला बसलेल्या श्रोत्यावरही तीच पाळी येते. म्हणून अशा गाण्यांची मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज देणारी, आवृत्ती मिळवावी किंवा मिक्सरवर दोन्ही बाजू एकत्र कराव्यात. ब्लूटूथऐवजी केबल वापरावी, फोन असेल तर तो विमान मोडवर ठेवावा, आणि सर्व गाणी कार्यक्रमाच्या क्रमाने, पूर्ण लांबीची, त्याच यंत्रावर एकदा वाजवून पाहावीत.

आवाज किती ठेवावा याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा निकष उपयोगी आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तासांपर्यंत सुरक्षित मानले जाते. मोबाइलवरचे ध्वनिमापक अॅप अंदाजापुरते पुरेसे असते. एका स्वयंसेवकाने पहिल्या गाण्याच्या वेळी जिन्यात, गेटपाशी आणि वरच्या मजल्यावर जाऊन ऐकून यावे. पंखे बंद ठेवता येतील असा महिना निवडण्याचे कारणही आता लक्षात येईल.

प्रत्यक्ष संध्याकाळ

सहाला सुरू करायचे म्हणजे सहालाच करावे, कारण कळवा-डोंबिवलीकडचे आणि ट्रान्सहार्बरने ऐरोली-वाशीकडे परतणारे श्रोते आठनंतर घड्याळ पाहू लागतात. तसबिरीला हार घालायचा असेल तर घालावा, दोन मिनिटांत आटपावे. गाणे चालू असताना निवेदकाने बोलू नये, मधेच आवाज कमी करून समजावू नये. चहा मध्यंतरात असावा, गाण्यात नसावा.

रॉक कधीच न ऐकलेल्या श्रोत्यांची जाणीव ठेवावी. विकृत केलेला गिटारचा आवाज त्यांना प्रथम गोंगाट वाटतो. अशा वेळी एखाद्या तरुण गिटारवादकाला बोलावून तोच रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) आधी साध्या आणि मग डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारवर हळू आवाजात वाजवून दाखवायला सांगावे. हेंड्रिक्सची सभा असेल तर त्याच वादकाने उजव्या हाताची गिटार उलटी धरून दाखवावी. हेंड्रिक्स डावखुरा होता, उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी करून तारा पुन्हा नेहमीच्या क्रमाने लावत असे, त्यामुळे आवाजाची बटणे आणि ट्रेमोलोचा (सूर हलवण्याचा) दांडा खाली असण्याऐवजी वरच्या बाजूला येत. हे हातात धरून दाखवल्याशिवाय कळत नाही. स्थानिक बँडला पूर्ण कार्यक्रम देऊ नये, एकच गाणे द्यावे आणि ड्रमसेटऐवजी काहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) वापरायला सांगावे.

शेवटची वीस मिनिटे श्रोत्यांची असावीत. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानातून, जे २०१६ साली बंद झाले, पैसे साठवून आणलेली कॅसेट किंवा धोबी तलावच्या रंगभवनातली मैफल यांच्या आठवणी पन्नाशीपुढच्या लोकांकडे असतात. प्रत्येकाला तीन मिनिटे द्यावीत आणि परवानगी घेऊन ते बोलणे ध्वनिमुद्रित करावे.

जुन्या कॅसेट आणि इथल्या बँडचा ठेवा

हे ध्वनिमुद्रण कोणत्याही निवेदनापेक्षा अधिक काळ कामी येते. मर्क्युरीच्या टेप जपायला कंपन्या आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कॉलेजांच्या महोत्सवांत वाजवणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या बँडचे मात्र फारसे काही प्रसिद्ध झाले नाही. त्यांचे वादन असेल तर एखाद्याच्या माळ्यावरच्या कॅसेटमध्ये असेल. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत त्या कॅसेट दर पावसाळ्यात थोड्या थोड्या खराब होत असतात.

कॅसेट मिळाल्यावर ती लगेच वाजवून पाहू नये. खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसत असेल तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर वेगळी ठेवावी आणि जाणकाराकडे द्यावी, कारण ती बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटवरही जाते. कॅसेट स्वच्छ असेल तर वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडलेले आहेत का ते पाहावे. नसतील तर तोडावेत, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. टेपच्या मागचा छोटा नमद्याचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज क्षीण आणि उतरता येतो. अशा वेळी टेप दुसऱ्या, स्क्रू असलेल्या कवचात हलवावी लागते.

कॅसेटप्लेअरचे हेड आणि रबरी चाक आधी साफ करावे. हेडसाठी कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटलेली गुंडाळी मोकळी होते. प्लेअरची लाइन-आउट जोडणी ऑडिओ इंटरफेसमार्फत (आवाज संगणकात उतरवणाऱ्या जोडयंत्रामार्फत) संगणकाला द्यावी, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर डब्ल्यूएव्ही फाइल करावी आणि सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. मुद्रणावेळी खरखर काढण्याचे कोणतेही साधन लावू नये. सफाई प्रतीवर करावी, मूळ फाइल जशी आली तशीच ठेवावी. पुढे अधिक चांगले तंत्र येते, हे ‘नाऊ अँड देन’ने दाखवलेच आहे.

फाइलच्या नावात वर्ष, बँडचे नाव, जागा आणि कॅसेटची बाजू यावी. सोबतच्या नोंदीत कोण काय वाजवत होते, ध्वनिमुद्रण कोणी केले, कॅसेट कोणाची आणि ही माहिती कोणी सांगितली हे लिहावे. वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे, कारण पेन्सिलीने लिहिलेली नावे अनेकदा तेवढ्याच एका ठिकाणी असतात. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि एक प्रत मूळ कॅसेटसह कुटुंबाला परत द्यावी.

हे संगीत सभेत लावायचे असेल तर हयात वादकांची आणि दिवंगत वादकाच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. संमतीपत्रात सभेत ऐकवणे, प्रत जतन करणे आणि इंटरनेटवर टाकणे या तीन गोष्टींसाठी तीन वेगळ्या चौकटी ठेवाव्यात, कारण पहिल्या दोहोंना होकार देणारे अनेक जण तिसऱ्याला नकार देतात. सही झालेला कागद फाइलच्या नोंदीबरोबरच ठेवावा.